मऊ गादीवरचा संशय

मित्रांनो, कोणी हाड व्हायचे आणि कोणी मज्जातंतू, हे या जगात मी ठरवते. मी एक जुनी गादी आहे. गादी म्हणजे बटणाएवढा जेलचा थर. जुनी म्हणजे परवाच महिना झाला. आमच्यात याला म्हातारपण म्हणतात.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत झाला. संशोधन करणाऱ्या ताईने एकाच द्रवातून आम्हा बहिणींना थिजवले, मुद्दाम मेंदूइतके मऊ ठेवले. आमच्यावर मूळपेशी सोडायच्या होत्या. या पेशींचे पुढे काय व्हायचे ते ठरलेले नसते. त्या पाय रोवतात आणि खालची जमीन ओढून बघतात. मऊ लागली तर मज्जातंतूंच्या वाटेला लागतात, कडक लागली तर हाडांच्या.

"लोण्यासारख्या जमल्यात गं बाई!" ताई म्हणाली. मला तिथेच शंका आली. प्रयोगशाळेत इतके गोड कोणी बोलत नाही.

थोरल्या बहिणीवरच्या पेशींचे काय झाले ते ओळखायला त्यांच्यावर रंग टाकला, तर सगळा हाडांचा बाजार! प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "पुन्हा हाडंच आली, तर काम बंद आणि या बशा कचऱ्यात."

फ्रीजमध्ये बसून मी एकेकाकडे बघू लागले. ताईला शेजारच्या टेबलावरच्या दादाचा संशय. दादाला आमचा. मला दोघांचा, शिवाय त्या प्लास्टिकच्या बशीचा, जिच्यात पेशी आधी वाढवतात. ती कडक होती आणि फारच गप्प असायची.

"माझ्या पेशींच्या औषधाच्या बाटलीला हात लावलास?" ताईने दादाला विचारले.

"अगं, मला माझ्याच बाटल्या सांभाळवत नाहीत! तुझ्या गाद्याच वाळल्या असतील."

दादाने मला यंत्राच्या सुईने दाबून पाहिले. मी मऊच निघाले. त्याचा चेहरा पडला.

"मग पेशी आधी कुठे होत्या?"

"प्लास्टिकच्या बशीत. मी आईकडे गेले होते ना..."

"आणि तुझा मुक्काम लांबला! कडक अंथरुणाची सवय लागली त्यांना. आता गादीवर झोपवून काय उपयोग?"

ताई ओशाळली. तिने नव्या पेशी घेतल्या, प्लास्टिकवर फार टेकू न देता माझ्यावर सोडल्या. त्यांना मज्जातंतूंसारख्या लांबलचक, नाजूक फांद्या फुटल्या. ताईने दादाला चहा पाजला. सर म्हणाले, "मला खात्री होतीच." त्यांच्यावर माझी नजर आहे.

तेव्हा मित्रांनो, कोवळ्या जिवाला कडक जागी फार काळ ठेवू नका. तो ते विसरत नाही. मऊपणा जपा, वेळेवर द्या.

आणि मी खरोखरच मऊ आहे का, हे बघायला बोट लावू नका. दादा, तुलाच सांगतेय.