पहिला घास

"दोर सोडा म्हातारबा. आता त्याचं त्यानंच ठरवायचं," थ्रासिलोस म्हणाला. देवळाचे बैल हाकायचे काम त्याच्याकडे होते.

मोल्पिसने दोर सोडला. अथेन्सच्या गडावर झ्यूसच्या वेदीभोवती बैल फिरवले जात होते. वेदीवर जव आणि गहू पसरले होते. देवाच्या धान्याला जो आधी तोंड लावील तो अपराधी. त्याला तिथेच कापायचे. यंदा बैल देण्याची पाळी मोल्पिसच्या गावावर आली होती, आणि गावाच्या प्रमुखाने बोट दाखवले ते त्याच्या बैलाकडे, फायोसकडे. मोल्पिसच्या घरात आता तेवढेच एक जित्राब होते. दुसरे माणूस तर कुणीच नव्हते.

पहाटे त्याने फायोसला पोट तट्ट फुगेपर्यंत वैरण घातली होती.

"पोट बघा याचं! लग्नाला आणलाय जसा," थ्रासिलोस हसला.

"देवापुढं उपाशी आणू नये," मोल्पिस पुटपुटला.

फायोस वेदीपाशी आला. त्याने धान्य हुंगले आणि मान वळवून मोल्पिसकडे पाहत तो उभा राहिला. मागून एक तांबडा बैल धान्याकडे मुसंडी मारत येत होता. तो पोहोचला की फायोस सुटला.

"शाबास रे माझ्या राजा!" मोल्पिसच्या तोंडून निघून गेले.

रोज नांगर सुटल्यावर तो हेच म्हणायचा. ते ऐकल्याशिवाय फायोस गव्हाणीतल्या दाण्याला कधी शिवत नसे.

फायोसने मान खाली घातली आणि तो जव चघळू लागला.

घाव बसला. घाव घालणारा कुऱ्हाड तिथेच टाकून पळाला. रिवाजच तसा होता. मांस शिजले. मोल्पिसच्या हातावरही तुकडा आला.

"खा की! सगळ्यांनी खायचं असतं," शेजारचा म्हणाला.

त्याने खाल्ले.

मग रिवाजाप्रमाणे बैलाच्या हत्येचा न्याय सुरू झाला. धारेसाठी पाणी आणणाऱ्या पोरींनी कुऱ्हाडीला धार लावणाऱ्याकडे बोट दाखवले, त्याने कुऱ्हाड हातात देणाऱ्याकडे, त्याने पळालेल्याकडे. पळालेला हजर नव्हता, म्हणून दोष कुऱ्हाडीवर आला. तिला समुद्रात टाकायचे ठरले.

"माझं नाव घ्या," मोल्पिस म्हणाला. "मी बोललो म्हणून त्यानं खाल्लं."

लोक हसले. "आजोबा, तुमचं बोलणं समुद्रात कसं टाकायचं? बसा खाली."

फायोसच्या कातड्यात गवत भरून ते शिवले, चार पायांवर उभे केले. आता, जणू बैल मेलाच नाही असे, ते नांगराला जुंपायचे होते. जू काही केल्या नीट बसेना.

"म्हातारबा, जरा बघता का? तुमच्या हातचं जित्राब आहे," थ्रासिलोस म्हणाला.

मोल्पिस उठला. फायोसच्या डाव्या खांद्यावर नांगरताना जू घासून जखम झाली होती, अजून पुरती भरली नव्हती. त्याने अंगावरच्या पांघरुणाची घडी करून तिथे ठेवली, वर जू टेकवले आणि हलक्या हाताने पट्टा आवळला.