संशयास्पद क्रियापदे

"'द रायटर अंडरस्कोअर्स.' 'द पोएट हायलाइट्स.' पुन्हा 'एम्फसाइझेस'." चौकशी समितीच्या अध्यक्षांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ढकलला. "जिंतूर तालुक्यातली पोरं असं इंग्रजी लिहितात? मॅडम, ही सामूहिक कॉपी आहे."

"मी शिकवलंय, सर," दैवशाला म्हणाली.

तासिका तत्त्वावरची ती इंग्रजीची प्राध्यापिका. कॉपी सिद्ध झाली तर साऱ्या वर्गाचा निकाल रद्द होणार होता, आणि जूनमध्ये तिची नेमणूकही होणार नव्हती. वर्गात अध्यापन घडले असावे, ही शक्यता मात्र समितीतील विद्वानांना कॉपीहून अविश्वसनीय वाटत होती. त्यांचा स्वतःचा अनुभव तसाच असावा.

"कसं शिकवलं?"

"कळपातली मेंढी ओळखू यावी म्हणून पाठीवर रंगाचा पट्टा मारतात, तसं. लेखक नुसतं सांगत असेल तर 'सेज'. मुद्द्यावर पट्टा मारत असेल तर ही क्रियापदं."

"मेंढ्या," अध्यक्ष सोबत्यांकडे पाहून हसले. "बोलवा एखादीला. मॅडम, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

शालू आली. चारठाण्याहून बसने येणारी, मेंढपाळाची मुलगी. टेबलावर तिने आपली उत्तरपत्रिका पाहिली. मान खाली घालून बसलेल्या मॅडम पाहिल्या.

"हे शब्द कुणी सांगितले? नाव सांग. घाबरू नकोस."

'घाबरू नकोस' तिच्या घरी ओळखीचे होते. माळावर येऊन 'मेंढ्या कुणाच्या?' विचारणारा प्रत्येक साहेब आधी तेच म्हणतो. अशा वेळी नाव सांगायचे नसते, हे ती चालायला लागल्यापासून शिकली होती.

"कुणीबी न्हाई, सर."

"मॅडमनी शिकवले?"

"न्हाई. मॅडमचा काय संबंध न्हाई यात. मीच कुठंतरी वाचलं."

"आणि बाकीच्यांनी?"

"त्यांचं मला काय म्हाईत."

"शालू, अगं..."

"मॅडम," अध्यक्षांनी हात वर केला. मग अत्यंत समाधानाने पेनचे टोपण काढून त्यांनी अहवालाचे पहिले वाक्य उच्चारत लिहिले, "द कमिटी एम्फसाइझेस..." त्यांनी ते कुठून उचलले, असे कुणी विचारले नाही.

दैवशाला बाहेर आली तेव्हा शालू व्हरांड्यातच थांबली होती.

"लय खोदून इचारायलते, मॅडम. पण तुमचं नाव येऊ दिलं न्हाई मी."

निकाल लागायला अजून अवकाश होता. दैवशालाने तिच्या खांद्यावरून घसरलेला दप्तराचा पट्टा नीट केला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "जा आता. बस चुकल."