महिनाभर आधीची कोजागिरी

कुंपणाच्या मधल्या फळीचे आठ स्क्रू मी दुपारी तीन वाजता काढले. फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि यमुनेच्या खुर्चीपासून शेजारच्या मिसेस लाउंच्या टेबलापर्यंत दोरी ताणून तिला टेबल सरळ दिसेल ना, ते पाहिले. चंद्र साडेसहाच्या सुमारास उगवणार होता. पलीकडच्या धुराड्यावरून वर यायला साडेसात वाजणार होते. एवढे गणित करता येत होते. नॉटिंगहॅमच्या ढगांचे मात्र काही करता येत नव्हते, आणि ते सकाळपासून हललेले नव्हते.

यमुना, माझी पत्नी, सहा आठवडे हॉस्पिटलमध्ये काढून घरी आली होती. आल्या आल्या तिने विचारले, "कोजागिरीला किती दिवस राहिले हो?" चंद्राकडे बघत आटीव दूध घ्यायचे, एवढीच तिची इच्छा होती. २००७ सालची कोजागिरी पंचवीस ऑक्टोबरला होती. डॉक्टरांनी मला आणि ग्लासगोला असलेल्या आमच्या मुलीला, चैत्रालीला सांगितले होते की दोन आठवडे मिळतील. यमुनेला आम्ही ते सांगितले नव्हते.

मी म्हणालो, "या मंगळवारी."

मंगळवारी, पंचवीस सप्टेंबरला, मिसेस लाउंचा चंद्राचा सण होता. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला घरातल्या बायका अंगणात टेबल मांडतात, त्यावर पपनस, चंद्रासारख्या गोल गोड वड्या आणि चहा ठेवतात, उदबत्त्या लावतात आणि चंद्राला नमस्कार करतात. आदल्या वर्षी तो सण आणि कोजागिरी एकाच दिवशी आली होती. दोघींनी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना टेबले मांडली होती. मी हात जोडायला पुढे झालो, तर मिसेस लाउंनी मला थांबवले.

"पुरुष चंद्राला नमस्कार करत नाहीत, मिस्टर कमलाकर. चुलीचा देव तुमचा. चंद्र आमचा."

त्यांचे इंग्रजी मी मराठीत सांगितले, तेव्हा यमुना हसत म्हणाली होती, "ऐकलंत ना? तुम्ही टेबलं उचला."

या वेळी मी सगळी तजवीज केली. भिंतीवरचे कॅलेंडर कपाटात ठेवले. गणपती आणि नवरात्र तू हॉस्पिटलात असताना होऊन गेले, असे यमुनेला सांगितले. मंगळवारी खरे तर अनंत चतुर्दशी होती; म्हणून पुण्याला तिच्या बहिणीला, आशाला, फोन करून बजावले की विसर्जनाचे नाव काढायचे नाही. मिसेस लाउंना मात्र खरे सांगितले. 

"मी खोटे बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण माझे टेबल खरे आहे. त्यांना आणा."

साडेसात वाजले. ढग तसेच होते. दूध मी तिसऱ्यांदा गरम केले. पावणेआठ झाले. शालीत गुंडाळलेली यमुना मान कलती करून बसली होती आणि मी धुराड्याकडे पाहत उभा होतो. आयुष्यात मी कुठल्याही देवाकडे काही मागितलेले नव्हते. त्या पंचवीस मिनिटांत मी फक्त मागतच होतो.

आठला पाच मिनिटे असताना ढग फाटला. मिसेस लाउंनी तीन उदबत्त्या पेटवल्या. यमुनेचे हात वर होईनात. मी ते उचलून एकमेकांना जोडले. तिने चंद्राकडे पाहिले, खूप वेळ पाहिले. मग माझ्या हातून दोन चमचे दूध घेतले.

"वेलदोडा जास्त झालाय," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी कमी घालतो."

"अहो, अनारसे आठवतात?"

"कुठले?"

"जूनमधले. अनुपरावांना दिले ते. तेहेतीस. तुम्हीच मोजून डब्यात भरलेत."

अनुप आमचे जावई. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे देतात. ते तिने दोन दिवस ओट्याशी उभे राहून तळले होते. तो तिचा शेवटचा मोठा स्वयंपाक. ज्या वर्षी अधिक महिना येतो, त्या वर्षी पुढचे सगळे सण उशिरा येतात. कोजागिरी सप्टेंबरात येणे शक्यच नव्हते. कॅलेंडर लपवले, फोन अडवले, आणि तो डबा मी विसरलो होतो.

"यमुना, मला वाटलं—"

"म्हणजे मी ऑक्टोबरपर्यंत नाही," ती म्हणाली.

मिसेस लाउ चहा ओतत होत्या. त्यांना मराठी येत नाही; पण त्यांचा हात थांबला.

"डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

"दोन आठवडे."

"कधी सांगितलं?"

"गेल्या गुरुवारी."

तिने मनातल्या मनात मोजले. ओठ हललेले मला दिसले.

"चैत्रालीला सकाळी फोन करा. रजा घेऊन ये म्हणावं, शनिवारची वाट बघू नकोस." मग थोड्या वेळाने, "खरं सांगायचं होतंत हो मला. मी दोन दिवस या कोजागिरीचा हिशेब जुळवत बसले."

 ढग परत एकत्र आले आणि अंगणात फक्त उदबत्त्यांची तीन टोके उरली. जिथे चंद्र होता, तिकडे तोंड करून मी हात जोडले. मिसेस लाउंनी ते पाहिले. त्यांनी किटली खाली ठेवली आणि माझ्यासाठी जागा करून त्या बाजूला सरकल्या.

"अजून एक चमचा द्या," यमुना म्हणाली. "गार व्हायच्या आत."