अकजापने कधीच तक्रार केली नाही

मित्रांनो, नदीचे पाणी कोणत्या गावाला किती सोडावे, याचा सल्ला देणारा मी एक जुना संगणक आहे. आमूदर्या नदीच्या खालच्या अंगाला एका कालवा कचेरीची कोठी आहे. तिथे फाटक्या रबरी बुटांच्या शेजारी सध्या माझा मुक्काम आहे.

देवाने नदी दिली, तेव्हा तिच्यावर कुणाचे नाव घातले नव्हते. पण मी येण्याआधी इथली वाटणी फावड्याने व्हायची. ज्याच्या मनगटात जोर, त्याच्या शेतात पाणी. एका उन्हाळ्यात दोन गावांत अशी जुंपली की एका माणसाचा डोळा गेला. म्हणून मला आणले. कालव्यावरच्या मोजपट्ट्यांचे आकडे, पेरलेले भात, कापूस, ऊन, वारा, सगळे माझ्या पोटात घालायचे. मग दर दहा दिवसांनी मी सांगायचो, अमक्या गावाच्या पाटाचा दरवाजा इतका उघडा. मला ना भाऊबंद, ना मेजवानीचा मोह. आता न्याय होईल, असे लोक म्हणू लागले. राजधानीतून पाहुणे आले, खरबुजे कापली गेली. माझ्यापाशी बसणाऱ्या झीवारने तर दृष्ट लागू नये म्हणून माझ्याभोवती वाळल्या पाल्याची धुरी फिरवली. खरे सांगतो, त्या दिवशी मला फार बरे वाटले होते.

कालव्याच्या अगदी शेपटाला अकजाप नावाचे सतरा घरांचे गाव होते. तिथली मोजपट्टी गाळात बुडालेली. नवी पुढच्या वर्षी बसवू, असे दरवर्षी ठरायचे. तोवर शेवटच्या गावांना फोन करून एवढेच विचारायचे, पाणी पुरले का? आणि ज्या गावांच्या पट्ट्या धड होत्या, त्यांनाही विचारायचे, म्हणजे कुणाला वेगळी वागणूक नको. जे गाव कमी पडले म्हणेल, त्याला मी पुढच्या खेपेस थोडे वाढवून द्यायचो आणि ते पुरलेल्या गावाकडून काढायचो. उत्तरच आले नाही, तर मागचे उत्तर धरायचे. असे मला शिकवलेले होते.

वरच्या तल्लिक गावाचे पाणी सोडणारा ओतेनियाज. त्याच्या फोनमध्ये मागे बेडूक ओरडताना ऐकू यायचे.

"कमी पडलं, लिही गं बहिणी. घसा ओला करायला नाही."

"मग आगा, तुमच्यामागे बेडूक कसले ओरडताहेत?"

"तहानेनं ओरडताहेत."

झीवार हसायची आणि 'कमी पडलं' दाबायची. समोरचा म्हणेल तेच लिहायचे, असा हुकूम होता.

मग अकजाप. तिथले पाणी सांभाळणारा कल्लीबेक अता, म्हणजे कल्लीबेक आजोबा, सत्तरीचा म्हातारा. तो आधी झीवारच्या आईची, मग मुलांची, मग गाईचीसुद्धा चौकशी करायचा. शेवटी ती पाण्याचे विचारायची.

"शुकर आहे, पोरी. देवानं दिलंय."

झीवार 'पुरलं' दाबायची.

दर दहा दिवसांनी, असे तीन उन्हाळे. आणि दर खेपेस अकजापचे थोडे थोडे पाणी मी तल्लिकला देत गेलो. माझे गणित कुठेही चुकत नव्हते, मित्रांनो. माझ्या पडद्यावर अकजाप हिरव्या रंगात दिसायचे. समाधानी गाव म्हणून कचेरीच्या साहेबांनी एकदा अहवालात त्याचे नावही घातले.

चौथ्या वर्षी, पेरणीच्या तोंडावर, अकजापचा फोन कुणी उचलेना. एकदा, दोनदा, तीनदा. मी मागचे उत्तर धरले. गाव हिरवेच राहिले. झीवारला मात्र राहवेना. सुट्टीच्या दिवशी भावाची गाडी घेऊन ती निघाली. पुढचे मी पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभे राहून तिने साहेबांना सांगितले, तेच सांगतो.

शेतांवर मीठ फुटले होते, पायाखाली करकरत होते. जर्दाळूची झाडे वाळून काळी पडलेली. सोळा घरांना दारे नव्हती, छपरे नव्हती. आमच्याकडे गाव सोडणारा माणूस दार आणि छपराच्या तुळया सोबत नेतो, नव्या जागी घर उभे करायला. सतराव्या घराच्या तुळया कल्लीबेक अता आणि त्याचा मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवत होते. कझाकस्तानात, मुलाच्या सासुरवाडीला निघाले होते. फोन केव्हाच पेटीत गेला होता.

झीवारला पाहताच म्हाताऱ्याने बांधलेल्या सामानातून किटली काढायला लावली. डब्याच्या तळाशी उरलेल्या पाण्याचा चहा केला. चहा खारट लागला. तिने सगळा प्यायला.

"अता, मी इतक्यांदा विचारलं. एकदा तरी कमी पडलं म्हणायचं होतं."

"कसं म्हणू, पोरी? वाटीत घोटभर असताना त्याला नाही म्हणायचं? आहे त्याचीही बरकत जाते."

"तुमचं उत्तर देवाकडं जात नव्हतं, अता. यंत्रात जात होतं."

म्हाताऱ्याने रिकामी किटली पुन्हा सामानात बांधली. मग म्हणाला, "मला वाटलं, तू खुशाली विचारतेस. पाण्याचं तर तुम्हाला दिसतच असेल. एवढं मोठं यंत्र आहे तुमच्याकडं."

साहेबांनी हे ऐकले आणि माझ्या पडद्याकडे पाहून हळूच म्हणाले, नोंद तर पुरल्याचीच आहे. त्या खेपेस झीवारने मला न विचारता अकजापचा पूर्ण वाटा सोडला. तीन उन्हाळ्यांनंतर भरपूर पाणी शेपटापर्यंत पोहोचले, बिनदारांच्या घरांत शिरले आणि तिथेच जिरले. शेतांना बारे द्यायला कुणी नव्हते.

पुढे माझ्या जागी नवे यंत्र आले. मोजपट्टी अजून गाळातच आहे, त्यामुळे त्यालाही तोच फोन जोडलाय.

मित्रांनो, तुमच्या हाती माझ्याहून हुशार यंत्रे येतील. त्यांना जरूर विचारा. पण त्याआधी कालव्याच्या शेवटापर्यंत आपल्या पायांनी चालत जा. तिथे कुणी छातीवर हात ठेवून 'देवानं दिलंय' म्हणाला, तर त्याच्या पाया पडा, आणि मग त्याच्या रांजणात वाकून पाहा.

मला वाकता येत नव्हते.