हिरव्या रंगाखालचा लाल

मित्रांनो, बंदराच्या तोंडाशी साखळीने बांधलेला, पाण्यावर तरंगत जहाजांना वाट दाखवणारा मी एक जुना बोया आहे. पिंपासारखे लोखंडी अंग, सपाट डोके आणि वर एक दिवा. आज मी तुम्हाला हिरवा दिसतो, पण मूळचा मी लाल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरचा. तिथला नियम असा, की समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा आणि हिरवा उजव्या. मी डाव्या कडेला उभा असे. माझ्या एका बाजूला खोल पाणी, दुसऱ्या बाजूला खडक. "लाल्या दिसला रे, आता घर आलं!" असे खलाशी ओरडत, तेव्हा माझे लोखंडी अंग फुलून येई. पुढे तिथे प्लॅस्टिकचे हलके बोये आले. निरोपाचा एक शब्दही न बोलता मला जहाजावर चढवले आणि या किनाऱ्याला विकले.

इथला नियम बरोबर उलटा. आत शिरताना लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. सपाट डोक्याचा बोया मात्र दोन्हीकडे डाव्याच कडेचा. म्हणजे जागा मला तीच मिळणार होती, फक्त रंग बदलायला हवा होता.

बंदराचे साहेब नुकतेच बदली होऊन आले होते. डाव्या कडेचा बोया वादळात वाहून गेला होता, आणि वाट कधी खुली होणार म्हणून वरून तगादा चालू होता.

"याला आज असाच सोडा," साहेब म्हणाले. "रंग परवा देऊ."

"पण लाल आहे हो तो. लोक उलटे जातील," दुय्यम साहेब चाचरत म्हणाले.

"एका दिवसात काय आभाळ कोसळतंय?"

दुसऱ्याच दुपारी एक शिडाची होडी आली. सुकाणूवर एक तरुण बाई होती. तिच्यामागे ट्रंका आणि भांड्यांच्या गोणींमध्ये तिची थोरली बहीण बसली होती. थोरली म्हणजे साहेबांची बायको. तिला नव्या बिऱ्हाडी पोचवायला धाकटी निघाली होती. तिचे पोट होडीवरच चाले, पण या बंदरात ती प्रथमच येत होती.

"ताई, तो बघ लाल! उजव्या हाताला ठेवला की पोचलोच. दाजींनी चहा टाकला असेल."

"तुझ्या दाजींना साखरेचा डबा सापडला तर ना!"

दोघी हसत होत्या. मला उजव्या हाताला ठेवून त्या पुढे गेल्या आणि होडीचा तळ खडकावर फाटला. डोलकाठी मोडून धाकटीच्या पायावर पडली. थोरलीने तिला कवेत घेऊन कशीबशी माझी कडी पकडली. मदत येईपर्यंत दोघी मलाच धरून होत्या.

"मी बरोबरच आले ना गं, ताई?" धाकटी पुन्हा पुन्हा विचारत होती.

मला वाटले, आता तरी साहेब चूक कबूल करतील. पण सकाळ होताच दोन माणसे ब्रश घेऊन आली आणि त्यांनी मला घाईघाईने हिरवे करून टाकले. मागोमाग चौकशीची बोट आली. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवले. "बघा, हिरवाच आहे. बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांचा परवाना काढून घ्यायला हवा."

मित्रांनो, ज्या अंगाने मी जन्मभर खरे सांगितले, त्याच अंगावर त्यांनी खोटे फासले होते.

त्या बोटीत थोरलीही होती. हट्टाने आली होती. "काल हा लाल होता," ती म्हणाली.

"अगं, तू घाबरली होतीस. तुला नीट आठवत नसेल."

तिने वाकून माझ्यावर हात टेकवला. तळवा हिरवागार झाला. तो तिने सगळ्यांसमोर धरला. तेवढ्यात एक लाट आली, मी कललो, आणि ब्रश जिथे पोचला नव्हता तो माझ्या बुडाचा लाल पट्टा पाण्याबाहेर आला.

"घरी बोलू आपण," साहेब हळूच म्हणाले.

"कुठल्या घरी?" थोरलीने विचारले.

धाकटीचा परवाना वाचला. साहेबांची खुर्ची गेली. थोरली बहिणीकडेच राहिली. मला नीट रंग देऊन इथेच ठेवले. आता मी अगदी नियमाप्रमाणे उभा आहे.

मित्रांनो, वाट दाखवणाऱ्या खुणा तुम्हालाही जागोजागी भेटतील. त्यांना वेळेवर रंग द्या, त्यांची डागडुजी करा, आणि आपल्या सोयीसाठी त्यांना खोटे बोलायला लावू नका. कुणीतरी त्यांच्या भरवशावर आपल्या माणसांना घेऊन निघालेले असते.

धाकटी आता नव्या होडीने येते. एक पाय जरा ओढत चालते. माझ्याजवळ आली की ती शीड उतरवते, वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजते, आणि मगच पुढे सरकते. माझ्याकडे ती बघतसुद्धा नाही. लांबून तिचे शीड दिसले, की आज तरी ती दोरी न सोडता जाईल, असे मला वाटते.