नुसता फ्लॅश

“विंडोज? सर्व्हरला?” इंद्रजितनं कपाळावर हात मारला. “तात्या, हे बाहेर कुणाला सांगू नका. हसतील लोक.”

“हसू दे की. अंथुर्ण्यात सर्व्हर म्हंजी काय ते ठावं असलेला एक माणूस धरून आण, मग हसायचं बघू.”

मानसिंगतात्यांनी पुतण्याकडं न बघताच उत्तर दिलं. लग्नांचे फोटो काढण्यात त्यांची हयात गेली होती आणि त्या धंद्यात त्यांना एकच गोष्ट पक्की कळली होती, की माणसं मूर्ख असतात. नवरीचा मामा मूर्ख, कारण तो नेमका फोटोच्या वेळी वाकून चप्पल शोधतो. वऱ्हाड मूर्ख, कारण ते कॅमेऱ्याकडं बघत जेवतं. आता त्या यादीत पुण्याहून आलेला पुतण्या होता.

निमित्त झालं होतं एका हार्ड डिस्कचं. सगळी लग्नं डिस्कांवर आणि डिस्का लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांसोबत, अशी तात्यांची व्यवस्था होती. त्यातली एक डिस्क टकटक करत बंद पडली. तेव्हा त्यांच्या मुलीनं, स्वरूपानं ठरवलं, की जुन्या कॉम्प्युटरचा घरातच सर्व्हर करायचा. सगळे फोटो एका जागी आणि त्यांची दुसरी प्रत आपोआप दुसऱ्या डिस्कवर. स्वरूपा बारामतीला फिजिक्स शिकलेली. नोकरी मिळेपर्यंत स्टुडिओचे अल्बम तीच करायची. कॉम्प्युटर सोप्यातल्या टेबलावर उघडा पडला होता आणि त्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची यावर सकाळपासून वाद चालला होता.

“ट्रूनॅस टाक,” इंद्रजित म्हणाला. “खास स्टोरेजसाठीच बनवलेली आहे. खराब झालेली फाइल स्वतः ओळखते, दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करते. आमच्याकडं प्रोफेशनल लोक...”

“दादा, ती चांगलीच आहे. पण ती आधी डिस्क कोरी करायला लावते. तोवर ही लग्नं कुठं ठेवू? हौदात?”

“मग तुझं काय?”

“साधं डेबियन लिनक्स. या डिस्का आहेत तशा वाचता येतात. उद्या मशीन मेलं तर डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला लावायची, फोटो बघायचे. मला एवढंच पाहिजे.”

“म्हणजे काळ्या स्क्रीनवर टाइप करत बसणार.”

“बसणार.”

“खेड्यातली सवय,” इंद्रजित हळूच म्हणाला, पण ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“विंडोज हाय ना त्यात आधीच?” तात्या म्हणाले. “ऱ्हाऊ द्या. दोघांचीबी अक्कल ऐकून घेतली मी.”

तेवढ्यात दाराशी कुणीतरी चपला काढल्या. पळसदेवचा गेणू होता. डोक्याचा गोटा केलेला, हातात टोपी. त्याची आई धोंडाबाई गेली होती आणि गुरुवारी दहावा होता.

असं कुणी आलं की घरात काही विचारावं लागत नसे. दहाव्याला चौकात फ्लेक्स लागतो आणि फ्लेक्सला फोटो लागतो. म्हाताऱ्या बायकांचा स्वतःचा असा फोटो नसतोच. तो कुणाच्या तरी लग्नात, मांडवाच्या कडेला, अक्षता धरून उभा असलेला सापडतो. स्वरूपा तेवढा चेहरा कापून घ्यायची, मागचा मांडव पुसायची आणि तिथं निळं आभाळ टाकायची. तात्यांना या कामाचा तिटकारा होता.

“आधारवरचा हाय की,” तात्या म्हणाले.

“त्यात आई वळखूच येत न्हाय, तात्या.” गेणू उभाच होता. “पर तुमच्याकडं हाय तिचा. पळसदेवला बागायतदारांच्या पोरीचं लगीन तुमी केलं हुतं, त्यात. आई भांडी घासायला हुती. तुमी निघताना म्हणली, तात्या, माझा बी काढा की येक. तुमी म्हणला, हुबी ऱ्हा. तिनं हात पुसलं, पदर घेतला. मला बाजूला सारलं, म्हणली, तू मधी येऊ नगंस. मग फ्लॅश पडला. म्या बघितलाय.”

“आसंल. मला काय याद?”

“तिला हुती. कुणी बी फोटो इचारला की म्हणायची, माझा अंथुर्ण्याच्या तात्यांकडं हाय.”

स्वरूपानं त्या लग्नाची डिस्क शोधून लॅपटॉपला लावली. डिस्क धडधाकट होती. पानसुपारी, सत्कार, कारखान्याचे संचालक, संचालकांचे मेहुणे, फेटे, पुन्हा संचालक. भांडी घासणारी एकही बाई कुठल्या फोटोत नव्हती. तात्या आधी “बाजूला व्हा” म्हणायचे आणि मगच बटण दाबायचे. तिनं पाठवणीपासून पुढचे फोटो पुन्हा एकेक करून पाहिले. मग फोटोंचे क्रमांक तपासले. कॅमेरा प्रत्येक फोटोला ओळीनं क्रमांक देतो. एखादा नंतर पुसला तरी त्याची जागा रिकामी राहते. इथं शेवटच्या फोटोपर्यंत क्रमांक सलग होते, आणि त्याच डिस्कवरच्या पुढच्या लग्नाचा पहिला क्रमांकही त्याला लागूनच होता. आणि शेवटच्या फोटोत संचालकांची गाडी निघून गेलेली, मागं नुसती धूळ.

फोटो हरवला नव्हता. तो काढलाच नव्हता.

लहानपणी तात्यांची बॅग धरून हिंडताना तिनं ते कितीदा तरी पाहिलं होतं. मागं लागणारी पोरं, वाजंत्री, आचारी. तात्या त्यांना उभं करायचे, कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि फ्लॅशच्या मागचं, नुसता फ्लॅश तपासायचं छोटं बटण दाबायचे. लख्ख उजेड पडायचा. माणसं खूश होऊन जायची. रोल संपत नसे, कार्ड भरत नसे. रस्त्यात तात्या हसून म्हणायचे, “उजेड फुकट हाय.”

तिनं मान वळवून वडिलांकडं पाहिलं. तात्यांनी तिची नजर टाळली नाही. त्यांना आठवलं होतं.

“सापडला का, ताई?” गेणूनं विचारलं.

“एक डिस्क गेलीय ना तुमची?” इंद्रजित मध्येच म्हणाला. “तिच्यावर असणार. बॅकअप नसला की हेच होतं. मी सकाळपासून तेच सांगतोय.”



“व्हय,” तात्या म्हणाले. “त्याच डिस्कवर हुता. गेला.”

स्वरूपानं माउसवरचा हात काढून घेतला. तिला दोघांचीही किळस आली. एकाची, कारण त्याला काही माहीत नव्हतं, आणि दुसऱ्याची, कारण त्याला सगळं माहीत होतं.

 गेणू पहिल्यांदाच खाली बसला, तात्यांच्या खुर्चीजवळ.

“तुमी जिवाला लावून घेऊ नगा, तात्या,” तो म्हणाला. “माझा येकच फोटो गेला. तुमचं तर किती गेलं आसंल.”



“फ्लेक्सचं काय करायचं मग?” स्वरूपानं विचारलं.

“फोटो नगं. निस्तं नाव टाका. गावाला ठावं हाय ती कशी दिसायची.” गेणूनं टोपी घातली. “नाव तेवढं मोठं टाका.”

तो गेल्यावर इंद्रजितनं घसा खाकरून विचारलं, “मग, सिस्टिम कुठली टाकायची ठरली?”

स्वरूपानं लॅपटॉपवर फ्लेक्सचं पान उघडलं, मधली फोटोची चौकट काढून टाकली आणि नाव लिहिलं. तात्या उठून तिच्या मागं येऊन उभे राहिले.

“मोठं कर,” ते म्हणाले.

तिनं केलं.

“आजून.”

अक्षरं पानाच्या दोन्ही कडांना जाऊन टेकली. तात्या तिथंच उभे राहिले.

“आजून,” ते म्हणाले.