राजपुत्र वीरसेनाचं व्रत

रोहितने आपल्या योद्ध्याची वंशावळ वाचायला घेतली, तेव्हा योगिनीने चहाचा कप बाजूला ठेवला. सात पिढ्या होत्या. साती पिढ्यांत एकाचाही पाय चिखलात पडला नव्हता.

खेळ फाशांचा. योगिनीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र वागवायचं. रोहितचं पात्र पॅलाडिन, म्हणजे देवापुढे व्रत घेतलेला योद्धा. व्रत पाळलं तर त्याच्या नुसत्या स्पर्शाने मरणारा माणूस उठतो. मोडलं की ती ताकद जाते.

"राजपुत्र वीरसेन," रोहित म्हणाला. "शब्दासाठी प्राण देणारं घराणं."

"घराण्याचं कळलं. तो स्वतः काय करतो?"

"अगं ताई, राजपुत्र काय करणार? असतो."

असतो. हे मात्र त्याला छान जमायचं. गेल्या वर्षी योगिनीचे वडील, अप्पा, गेले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्म काढलेला माणूस. स्मशानात पाण्याचं मडकं योगिनीने खांद्यावर घेतलं, तोच काका म्हणाले, "मुलगी कशाला? घराण्याला मुलगा आहे की." मडकं रोहितच्या, या चुलतभावाच्या खांद्यावर गेलं. मग दहा दिवस तो योगिनीच्याच घरी चटईवर निजला, एकवेळ आळणी जेवला. येत्या गुरुवारी वर्षश्राद्ध. ते योगिनीला स्वतः करायचं होतं, पण आईचं एकच पालुपद: "त्याने सगळं पाळलंय. तू मधे येऊ नकोस."

"व्रतं सांग," योगिनी म्हणाली.

"खोटं बोलायचं नाही. दुबळ्याला सोडायचं नाही. लढाईआधी कडक उपास."

समोर बसलेला त्याचा मित्र अमित फिसकन हसला. "उपास? तू? सुतकात खांद्यावरचा पंचा माझ्या डिकीत टाकून द्वारका चौकात बिर्याणी हाणलीस ती?"

रोहितही हसला. मग त्याने योगिनीकडे पाहिलं. "एकदाच गं ताई. काकूंना कशाला सांगायचं?"

बिर्याणीचं तिला काहीच नव्हतं. अप्पांनी स्वतः वाढली असती, वर लिंबू पिळून. पण ज्या पाळण्यापायी तिला श्राद्धाच्या पाटावर बसू देत नव्हते, ते हे.

"वीरसेन वेशीशी आलाय," ती शांतपणे म्हणाली. "म्हातारा पहारेकरी शेवटच्या घटका मोजतोय. ठेव हात."

रोहितने वीस पैलूंचा फासा टाकला. "वीस! उठला म्हातारा!"

"नाही उठला."

"ताई, वीस पडलेत!"

"फासा बरोबर आहे. हात चुकीचा आहे." तिने स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "आई, जरा ये गं. रोहितला काहीतरी सांगायचंय. खोटं न बोलण्याचं व्रत आहे त्याचं."

आई दारात आली. रोहितने अमितकडे पाहिलं, अमितने फाशाकडे. मग सुतक, डिकी, द्वारका असं तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. शेवटी "भूक लागली होती, काकू" हे राजपुत्राच्या तोंडून.

आईने पदराला हात पुसले.

"योगिनी, गुरुवारी लवकर न्हा. पाटावर तू बसायचंस." मग ती रोहितकडे वळली. "तू जेवायला ये, बाळा. पोटभर."